डोंगरउतारावरच्या गवती पायऱ्या: मध्ययुगीन इंग्लंडची शेती जमिनीवरून कशी वाचायची

दक्षिण इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात वर्थ मॅट्रॅव्हर्स नावाचं गाव आहे. तिथून विनस्पिटच्या दरीने समुद्राकडे उतरू लागलं की दोन्ही हातांच्या टेकड्यांवर गवताने झाकलेल्या लांबलचक पायऱ्या दिसतात. उताराला आडव्या, जवळजवळ समपातळीत, एकीखाली एक. काही पायऱ्यांची दरड माणसाच्या उंचीपेक्षा जास्त आहे. अशाच पायऱ्या विल्टशरमध्ये मिअर आणि बिशपस्टनजवळ आहेत. उत्तरेला यॉर्कशरमधल्या व्हार्फडेलच्या खोऱ्यात आणि मॅलमच्या आसपासही आहेत. तिकडे त्यांना ‘स्ट्रिप लिंचेट’ म्हणतात, आपण नुसतं लिंचेट म्हणू.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, एखाद्या किल्ल्याचे तट असावेत, किंवा शेकडो मजूर लावून डोंगर खोदला असावा. बहुतेक ठिकाणी यातलं काहीच झालेलं नाही. या पायऱ्या नांगराने घडवल्या, आणि त्याही हळूहळू, नांगरणाऱ्याच्या मनात पायरी बांधायचा विचार असो वा नसो. मध्य इंग्लंडच्या कुरणांत लाटांसारखे दिसणारे सरी-वरंबेही याच नांगराचं काम. दोन्हींच्या मुळाशी एकच यांत्रिक गोष्ट आहे. ती समजली की उतारावरचा प्रत्येक उंचवटा कसा आला याचा अंदाज बांधता येतो.

फळी एकाच अंगाला

मध्ययुगीन इंग्लंडच्या जड नांगराचे मातीशी भिडणारे भाग तीन. पुढे उभी सुरी, ती जमीन उभी चिरते. तिच्यामागे फाळ, तो तीच पट्टी खालून आडवी कापतो. आणि फाळाच्या मागे माती उलथवणारी फळी. सुटलेली मातीची पट्टी फळीवर चढते आणि बाजूला पालथी पडते. ही फळी उजव्या अंगाला पक्की बसवलेली असे. म्हणजे नांगर कुठेही जावो, माती पडणार नांगऱ्याच्या उजवीकडेच.

आता अडचण पाहा. शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तास (नांगराने पाडलेली एक चर) मारला आणि त्याच्याच शेजारून परत फिरलं, तर नांगऱ्याची उजवी बाजू बदलते आणि माती उलट दिशेला पडते. आजच्या दुतर्फी पलटी नांगरात फाळांचे दोन संच असतात. टोकाला नांगर उलटा फिरवला की माती पुन्हा पहिल्याच दिशेला पडते. जुन्या नांगराला ती सोय नव्हती. (केंट परगण्यात फळी काढून दुसऱ्या बाजूला लावता येईल असे नांगर वापरात होते. तिथे सरी-वरंब्याच्या खुणा फारशा सापडत नाहीत, यात नवल नाही.)

यावरचा उपाय म्हणजे शेताच्या लांबट पट्ट्या पाडायच्या आणि प्रत्येक पट्टी स्वतंत्र नांगरायची. पट्टीच्या मधोमध पहिला तास घ्यायचा, टोकाला उजवीकडे वळायचं, लगतच परतीचा तास मारायचा. दोन्ही तासांची माती मध्यरेषेवर एकमेकींना टेकते. मग घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत फिरत बाहेर सरकायचं. प्रत्येक फेरीत माती तासाच्या रुंदीइतकी, म्हणजे साधारण वीतभर, मध्याकडे सरकते. शेवटी दोन पट्ट्यांच्या मध्ये उघडी सरी उरते. दर वर्षी मध्यरेषा तीच ठेवली की मधला भाग चढत जातो आणि कडा खचत जातात. झाला वरंबा.

८ मीटर रुंदीची पट्टी घेतली आणि एका तासाची रुंदी २५ सेंटिमीटर धरली, तर ३२ तास, म्हणजे १६ फेऱ्या होतात. एकराचा हिशेबही इथेच लागतो. एकराचं रूढ माप २२० यार्ड लांब आणि २२ यार्ड रुंद, म्हणजे सुमारे २०१ बाय २० मीटर. २५ सेंटिमीटरच्या तासाने तेवढी जमीन नांगरायला असे ८० तास मारावे लागतात, म्हणजे नुसतं सरळ चालणं १६ किलोमीटर. एका जोताने एका दिवसात उरकायचं काम म्हणजे एकर, असं परंपरेने मानलं जाई. लांबीचं माप असलेला फर्लांग म्हणजेही तेच २२० यार्ड.

मध्ययुगीन वरंबे साधारण ५ ते १० मीटर रुंद असतात, काही त्याहून रुंद. सरीच्या तळापासून माथ्यापर्यंतची उंची बहुधा ३० ते ६० सेंटिमीटर, पण चांगल्या जपलेल्या कुरणात ती याहून जास्तही भरते. नॉर्दॅम्प्टनशर, लेस्टरशर आणि वॉरिकशरच्या चिकणमातीत वरंब्यांचा खरा उपयोग निचऱ्याचा होता. म्हणून तिथे ते बहुधा उताराच्या दिशेने खाली उतरतात, पाणी सरीतून वाहून जावं म्हणून. फार ओल्या वर्षी सरीतलं पीक गेलं तरी माथ्यावरचं वाचे. कोरड्या वर्षी नेमकं उलट. शिवाय सरी ही दोन वहिवाटदारांमधली हद्दही असे. एकेका कुटुंबाच्या पट्ट्या गावाच्या दोन-तीन मोठ्या उघड्या शेतांत विखुरलेल्या असत, मध्ये कुंपण नसे.

सरी-वरंबे आणि या उघड्या शेतांच्या पट्ट्या यांचा संबंध ठोसपणे दाखवला तो आर्थिक इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड यांनी, १९४८ मध्ये. जुने गावनकाशे घेऊन त्यांतल्या पट्ट्या आणि जमिनीवरचे वरंबे त्यांनी ताडून पाहिले, आणि ते जुळले. नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्स्टन गावात अशी उघडी शेती अजूनही चालू आहे. त्या गावाचा १६३५ चा नकाशाही उपलब्ध आहे.

उलटा एस आणि टोकाचा ढीग

मध्ययुगीन वरंबा सहसा सरळ नसतो. वरून पाहिलं तर तो उलट्या इंग्रजी ‘एस’सारखा हलकेच वळलेला असतो. कारण बैलांचं लांब जोत. हिशेबासाठी आठ बैलांचं जोत प्रमाण मानलं जाई. प्रत्यक्षात बैल कमीजास्त असत, पण दोन-दोनच्या चार जोड्या एकामागे एक जुंपल्या तर नुसत्या बैलांचीच लांबी १० मीटरच्या पुढे जाते. नांगर पट्टीच्या टोकापर्यंत पोचायचा, तर पुढच्या जोड्या पट्टी संपून पार पलीकडे जाणार. ते टाळायला टोक जवळ आलं की बैल डावीकडे कलते करत. पुढचे बैल टोकाच्या मोकळ्या पट्टीवर आडवे होत आणि नांगर तासातच राहून शेवटपर्यंत ओढला जाई. दोन्ही टोकांना हेच केलं की पट्टीला उलटा एस येतो.

वय ठरवताना याहून स्वस्त खूण दुसरी नाही. पुढे उघडी शेतं वाटून कुंपणबंद झाली तेव्हा बऱ्याच ठिकाणी भिंती आणि झुडपांची कुंपणं जुन्या पट्ट्यांच्या कडेनेच घातली गेली आणि तो वाक दगडात कायम झाला. डर्बीशरमधल्या चेल्मॉर्टन गावाभोवतीच्या लांबट, अरुंद, दगडी भिंतींच्या शेतांत तो आजही उघड दिसतो.

टोकाला नांगर उचलताना फाळाला चिकटलेली माती झटकली जाते. दर फेरीला थोडी, पण शेकडो वर्षं. त्यामुळे पट्ट्यांच्या टोकांशी रुंद, बसका उंचवटा तयार होतो. नंतरच्या नांगरणीने वरंबे सपाट झाले तरी हा टोकाचा उंचवटा बऱ्याचदा टिकतो. आधुनिक शेतात नुसतीच १०–१५ मीटर रुंदीची, लांबवर गेलेली फुगीर पट्टी दिसली आणि बाकी सगळं सपाट असलं, तर तिथे जुन्या पट्ट्यांच्या गटाची हद्द होती का, हे तपासावं.

उतारावर हाच नांगर काय करतो

आता खड्या उताराकडे वळू. चुनखडीच्या टेकड्यांवर निचऱ्याची चिंता नसते, पाणी खाली मुरतं. तिथे खरी चिंता बैलांची. उभ्या उतारावर चढण नांगरायला लावली तर जोत लवकर थकतं, म्हणून नांगरणी आडवी, समपातळीत होते. आडव्या नांगरणीत नांगराची उजवी बाजू एका दिशेने जाताना उताराखाली असते, परतताना वर. खाली टाकलेली माती सहज पालथी पडते. वर टाकलेली पट्टी नीट उलटत नाही, अर्धी तासातच परत घसरते. म्हणून सोयीचं असेल तिथे एका दिशेनेच नांगरायचं आणि रिकामा नांगर घेऊन परत यायचं. कसंही केलं तरी गोळाबेरीज एकच: माती खाली सरकते.

ती सरकत सरकत पट्टीच्या खालच्या कडेला येते. तिथे न नांगरलेला बांध असतो, त्यावर गवत असतं, आणि माती तिथे अडते. वरच्या कडेला मात्र मातीची भरपाई होत नाही, म्हणून तिथे जमीन खोल जाते. खालच्या कडेची भर आणि वरच्या कडेची खोदण, दोन्ही मिळून पायरी होते. हे डोळ्यांसमोर येत नसेल तर आकड्यांत पाहा.

उतार १० अंशांचा आणि पट्टी १२ मीटर रुंद धरा. एवढ्या रुंदीत जमीन मुळात सुमारे २.१ मीटर खाली उतरते. पट्टी पूर्ण सपाट व्हायची तर वरच्या कडेला १ मीटरच्या थोडं वर खोदण आणि खालच्या कडेला तेवढीच भर हवी. वरच्या पट्टीची भर आणि तिच्या खालच्या पट्टीची खोदण एकाच ठिकाणी भिडतात, म्हणून दोन पट्ट्यांमधली दरड २.१ मीटरची होते. म्हणजे दरडीचा वरचा अर्धा भाग वाहून आलेल्या मातीचा आणि खालचा अर्धा मूळ जमिनीचा. उत्खननात आडवा छेद घेतला की बहुधा हेच दिसतं: वर खोल, मऊ, तपकिरी माती, खाली थेट पांढरा खडक किंवा त्याचा चुरा.

यात हलणारी माती लांबीच्या दर मीटरमागे सुमारे ३.२ घनमीटर, आणि २०० मीटरच्या पट्टीला ६०० घनमीटरहून जास्त. कुदळ-फावड्याने करायचं म्हटलं तर छाती दडपते. पण नांगर दर खेपेला १२ सेंटिमीटर खोलीची माती २५ सेंटिमीटर खाली ढकलतो असं धरलं, तर पट्टीच्या मध्यरेषेवरून दर नांगरणीला मीटरमागे ०.०३ घनमीटर माती ओलांडते. म्हणजे शंभराहून थोड्या जास्त नांगरण्या पुरतात. एक वर्ष हिवाळी पीक, एक वर्ष वसंतातलं पीक आणि एक वर्ष पड, अशा फेऱ्यात पड जमीन दोन-तीनदा नांगरली जाई, म्हणजे तीन वर्षांत चार-पाच नांगरण्या. हिशेब सुमारे ७० वर्षांवर येतो. हा आदर्श हिशेब आहे. काही माती वरही टाकली जाते, काही पाण्याने जाते, मध्येच एखादं शेत वर्षानुवर्षं गवतात राहतं. वेळ दुप्पट-तिप्पट धरली तरी सहा-आठ पिढ्यांत पायरी उभी राहते.

मग मुद्दाम खोदलेल्या पायऱ्या अजिबात नसतातच का? असतात. फार खड्या उतारावर नांगर पहिल्याच दिवशी चालणार नाही. तिथे सुरुवातीला थोडी जागा खोदून द्यावी लागली असणार. काही ठिकाणी दरडीच्या पायथ्याशी दगडही रचलेले सापडतात. हात किती आणि नांगर किती, हा वाद जागोजागी छेद घेऊनच सोडवावा लागतो. नुसतं पाहून ‘हे बांधलेलं आहे’ असं ठोकून देणारे लोक बहुधा चुकतात.

सपाट पट्टीच्या आतल्या कडेला, म्हणजे वरच्या दरडीच्या पायथ्याशी, माती सर्वांत पातळ आणि खडकाळ असते. बाहेरच्या कडेला ती सर्वांत खोल. शेतकऱ्याला याचा तोटाच होता, कारण १२ मीटरच्या पट्टीत चांगलं पीक देणारा भाग बाहेरचा अर्धाच. आजही कोरड्या उन्हाळ्यात आतल्या कडेचं गवत आधी पिवळं पडतं आणि बाहेरची कड हिरवी राहते. पट्ट्यांच्या टोकांशी वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर जोत नेण्यासाठी तिरप्या उतरणी असतात, त्याही शोधाव्यात. मुद्दाम केलेली शेती असल्याचा तो चांगला पुरावा.

इतक्या खड्या उतारावर नांगरायची वेळ का आली

भुकेमुळे. १०८६ च्या डूम्सडे नोंदींच्या (राजाने करवलेल्या देशभरच्या जमीन-पाहणीच्या) वेळी इंग्लंडची लोकसंख्या सुमारे २० लाख असावी असा अंदाज आहे. १३०० च्या आसपास ती दुपटीहून बरीच वर गेली. सपाटीवरची चांगली जमीन संपली, मग पट्ट्या टेकडीवर चढल्या. १३१५ ते १३१७ या वर्षांत सततच्या पावसाने पिकं बुडाली आणि भयंकर दुष्काळ पडला. १३४८–४९ मध्ये प्लेग आला आणि तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली. खाणारी तोंडं कमी झाली, नांगर धरणारे हातही. सर्वांत वाईट जमीन सर्वांत आधी सुटली. लोकरीला भाव होता, मेंढ्यांना मजूर कमी लागतात, म्हणून उतार कुरणात गेला. काही पायऱ्या मात्र नंतरही बराच काळ नांगरल्या जात होत्या, त्यामुळे ‘लिंचेट म्हणजे प्लेगच्या आधीचं’ असं सरसकट समीकरण मांडू नये.

कुरण झालं, आणि त्यामुळेच खुणा उरल्या. गवताच्या मुळ्यांनी माती धरून ठेवली आणि शेवटच्या नांगरणीचा आकार तसाच राहिला.

फसवणाऱ्या खुणा

उतारावरची प्रत्येक पायरी मध्ययुगीन नसते, आणि शेतीचीही नसते. खड्या गवती उतारावर ३०–६० सेंटिमीटर रुंदीच्या, एकमेकींत मिसळणाऱ्या पाऊलवाटांसारख्या रेघा असतात. त्या माती घसरण्याने आणि मेंढ्यांच्या चालण्याने होतात. रुंदी मोजली की संशय फिटतो, तेवढ्या जागेत जोत वळत नाही. यॉर्कशरच्या खोऱ्यांत जास्त फसवतात ते चुनखडीचे नैसर्गिक टप्पे. टणक थर पुढे राहतो, मऊ थर झिजतो. हे टप्पे एकाच थराला धरून टेकडीला वळसा घालत मैलभर जातात. लिंचेटला दोन टोकं असतात, आणि ती सहसा एखाद्या हद्दीशी किंवा उतरणीशी संपतात.

नदीकाठच्या सपाटीत सरी-वरंबे दिसले तर माथ्यावर उथळ पाट आहे का पाहावं. असेल तर ते बहुधा कुरण भिजवण्यासाठी सतराव्या शतकापासून पुढे केलेले वाफे. पाणी माथ्यावरून दोन्ही अंगांना सोडायचं आणि सरीतून काढून घ्यायचं, अशी त्यांची रचना.

मग अरुंद, अगदी सरळ वरंबे. ४ मीटर किंवा त्याहून कमी रुंदी आणि पट्टीने आखल्यासारखी सरळ रेषा म्हणजे बहुधा घोड्यांचा नांगर आणि अठराव्या शतकाचा शेवट किंवा एकोणिसावं शतक. १७९३ ते १८१५ च्या फ्रान्सबरोबरच्या युद्धांत धान्य महागलं तेव्हा ओसाड माळही घाईने नांगरले गेले. १८५० नंतर वाफेवर चालणारी इंजिनं आली. शेताच्या टोकाला उभ्या इंजिनाने दोरखंडाने नांगर ओढायचा, म्हणजे रेषा सरळच येणार.

याउलट लहान, चौकोनी, एकमेकांना चिकटलेल्या शेतांची जाळी दिसली तर ती बरीच जुनी, प्रागैतिहासिक किंवा रोमन काळातली. त्यांच्या कडेलाही माती साचलेली असते, कारण क्रिया तीच. पण आकार चौकोनी, कारण हलका नांगर आणि आडवी-उभी नांगरणी. हा फरक हवाई छायाचित्रांवरून स्पष्ट मांडला ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी, १९२३ मध्ये. ते ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे, पहिले पुरातत्त्व अधिकारी होते. मध्ययुगीन पट्ट्या या जुन्या चौकोनांवरून गेलेल्या असल्या तर दोन्ही रेषा एकमेकींना कापतात, आणि वरची कोणती ते ठरवता येतं.

सॉमरसेटमधल्या ग्लॅस्टनबरी टॉर या टेकडीवरच्या पायऱ्यांचा वाद प्रसिद्ध आहे. १९६० च्या दशकात तो धार्मिक चक्रव्यूह असल्याची कल्पना पुढे आली. शेतीचं स्पष्टीकरण जास्त साधं आहे. ऊन कमी पडणाऱ्या उत्तर बाजूलाही पायऱ्या आहेत, ही त्याविरुद्धची हरकत. पण जमिनीची टंचाई असताना थोड्या कमी पिकाची जमीनही नांगरली जाते, त्यामुळे ही हरकत फार वजनदार वाटत नाही.

वय कसं ठरवायचं

सर्वांत भरवशाचं काम कुंपणं, भिंती आणि रस्ते यांच्याकडे पाहून होतं. वरंबा भिंतीच्या खालून पलीकडे तसाच जात असेल तर तो भिंतीच्या आधीचा. भिंतीशी येऊन थांबला आणि तिथे टोकाचा ढीग असेल तर नांगरणीच्या वेळी ती हद्द होती. कुंपणबंदीच्या कायद्याची तारीख त्या गावापुरती माहीत असली की एक बाजू पक्की होते.

खापरांचा पुरावा लोकांना आवडतो, पण तो जपून वापरावा. घरचा उकिरडा शेणखताबरोबर शेतात जाई, त्यातली फुटकी भांडी मातीत मिसळत. तेराव्या शतकाची खापरं भरपूर मिळाली तर तेव्हा खत पडत होतं एवढंच कळतं. पट्टी त्या आधी सुरू झाली का, हे त्यावरून सांगता येत नाही. कोळशाच्या कणांचं कार्बन कालमापनही तसंच. कण वरच्या उतारावरून वाहत आलेला, शेतापेक्षा हजार वर्षं जुना असू शकतो.

दरडीतल्या साचलेल्या मातीसाठी वाळूच्या कणांवर आधारित प्रकाशदीप्ती कालमापन जास्त उपयोगी. क्वार्ट्‌झच्या कणावर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला ते त्यातून कळतं. नांगर कणांना उजेडात आणतो, वरून माती पडली की ते पुन्हा अंधारात जातात. नमुना घेताना उजेडाचा किरणही पडता कामा नये, म्हणून छेदात धातूची नळी ठोकून, दोन्ही तोंडं काळ्या आवरणाने बंद करून तो काढतात. गांडुळांनी आणि सशांनी माती ढवळली असेल तर तारखा विस्कटतात. चुनखडीच्या मातीत गोगलगायींचे शंखही टिकतात. उघड्या जमिनीवरच्या जाती आणि सावलीतल्या जाती वेगळ्या, म्हणून थरागणिक मोजणी केली की शेत कधी उघडं होतं आणि झाडोरा कधी वाढला याचा क्रम लागतो.

प्रत्यक्ष पाहायला जाताना

हिवाळा निवडावा, गवत आखूड असतं आणि सूर्य खाली असतो. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन वरंब्याला आडवं पडेल असं उभं राहावं. सूर्य पाठीशी घेतला तर सावली वरंब्याच्या मागे लपते आणि समोर नुसतं हिरवं मैदान दिसतं. पातळ बर्फ वितळत असताना सऱ्या पांढऱ्या आणि माथे हिरवे दिसतात. वसंतात बटरकपची पिवळी फुलं हेच काम करतात: कंद असलेली जात कोरड्या माथ्यावर, सरपटणारी जात ओल्या सरीत, आणि उंच जात दोन्हींच्या मधल्या उतारावर. वरंबे पडल्यानंतर पुन्हा न नांगरलेल्या जुन्या कुरणात ही वाटणी खरोखर इतकी नेटकी असते.

रुंदी मोजताना एकच वरंबा मोजू नये. सलग पाच-सहा वरंब्यांच्या माथ्यापासून माथ्यापर्यंतचं अंतर घ्यावं आणि भागावं. मोजमाप पट्टीच्या मध्यावर घ्यावं. टोकांशी वाकामुळे आकडा फसतो. आडवा छेद काढायला दोन खांब, घट्ट दोरी आणि पाणसळ पुरते. दोरी समपातळीत ताणायची आणि दर ५० सेंटिमीटरला दोरीपासून जमिनीपर्यंतचं अंतर नोंदायचं. दोरी १० मीटरपेक्षा लांब ताणली की मध्ये झोळ पडतो आणि वरंबा आहे त्यापेक्षा उंच निघतो. नकाशात दरडीसाठी छोट्या रेघा काढतात: जाड डोकं उताराच्या वरच्या कडेला, निमुळती शेपटी खाली. डोकं आणि शेपटी उलटी पडली की उंचवट्याचा खड्डा होतो, आणि नवशिक्यांची ही नेहमीची चूक.

घरबसल्या पाहायचं असेल तर इंग्लंडच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी पर्यावरण संस्थेची लायडार माहिती मोफत मिळते. विमानातून लेसर सोडून जमिनीची उंची दर १ मीटरला मोजलेली असते. दोन प्रकार मिळतात. झाडं आणि घरं काढून टाकलेली, नुसत्या जमिनीची आवृत्ती घ्यावी. ७ मीटरच्या वरंब्यावर सात बिंदू येतात, तो स्पष्ट दिसतो. अडीच मीटरच्या वरंब्यावर दोन-तीनच येतात, तो कधी दिसतो कधी नाही. छायांकन करताना संगणक बहुधा वायव्येकडून, ४५ अंशांवरून उजेड टाकतो. वायव्य–आग्नेय जाणारे वरंबे त्या उजेडात चक्क नाहीसे होतात. म्हणून ईशान्येकडूनही एकदा उजेड टाकावा आणि कोन १५–२० अंशांपर्यंत खाली आणावा. दाट झाडीखाली लेसरचे बिंदू विरळ पडतात, मग संगणक मधली जागा सपाट त्रिकोणांनी भरतो. असे त्रिकोण दिसले की तिथल्या आकारांवर विश्वास ठेवू नये.

काय बिघडतं

आधुनिक नांगराच्या काही हंगामांत वरंबे गायब होतात. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतरच्या दशकांत धान्य वाढवण्यासाठी जुनी कुरणं मोठ्या प्रमाणावर मोडली गेली, आणि मध्य इंग्लंडमधले बहुतेक सरी-वरंबे तेव्हा गेले. लिंचेट त्या मानाने वाचले, कारण खड्या दरडींवर ट्रॅक्टर उलटण्याची भीती असते.

काही स्थळांना १९७९ च्या प्राचीन वास्तू आणि पुरातत्त्वीय क्षेत्र कायद्याचं संरक्षण आहे. तिथे परवानगीशिवाय खोदणं किंवा मेटल डिटेक्टर फिरवणं गुन्हा आहे. बाकीच्या बहुतेक कुरणांना असं कवच नाही. मात्र गेल्या १५ वर्षांत मशागत न झालेली २ हेक्टर किंवा त्याहून मोठी जमीन मोडायची तर २००६ च्या नियमांनुसार पर्यावरणावरच्या परिणामाची छाननी आधी करून घ्यावी लागते.

नांगर नसला तरी दरडी ढासळतात. सुरुवात बहुधा सशांच्या बिळांपासून किंवा गुरांच्या एकाच वाटेपासून होते: गवत फाटतं, उघडी माती पावसात वाहते, वरची कड लोंबते आणि तुटते. म्हणून पाण्याची टाकी आणि चाऱ्याची गव्हाण दरडीजवळ ठेवत नाहीत, ओल्या हिवाळ्यात गुरांऐवजी मेंढ्या चारतात, आणि फाटलेली जागा लहान असतानाच तात्पुरतं कुंपण घालून गवत परत धरेपर्यंत बंद ठेवतात. दरडीवर काटेरी झुडपं वाढू देणं हा उपाय दिसायला सोपा आहे, पण मुळ्या थर ढवळतात आणि सावलीत गवत मरतं. ती लहान असतानाच मुळाशी कापायची, उपटायची नाहीत. उपटली की दरडीचा तेवढा तुकडा बरोबर येतो.